दाता कोण? वैद्यकीय शिक्षणातील सुधारणा, धनिकांच्या अटी आणि धार जिल्ह्याचा प्रश्न

प्रस्तावना

मनावर हे मध्यप्रदेशातील धार जिल्ह्याचे तहसील ठिकाण आहे. पवारांच्या धार संस्थानाच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. आजूबाजूची वस्ती मुख्यतः भिल्ल व भिलाला समाजाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक वाटा अनुसूचित जमातींचा असून मनावर विधानसभा मतदारसंघही त्यांच्यासाठी राखीव आहे. या मतदारसंघातून २०१८ मध्ये निवडून आलेले डॉ. हिरालाल अलावा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नोकरी सोडून राजकारणात आले. निमाडच्या सपाटीवर असलेल्या मनावरहून जिल्हा रुग्णालय गाठायचे तर विंध्याचा घाट चढून धारला जावे लागते. तेथे निभाव लागला नाही तर रुग्णाला इंदूरला हलवतात.

या जिल्ह्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय असावे ही मागणी स्वाभाविक आहे. मध्यप्रदेश शासनाने २०२५ मध्ये धार, बैतूल, पन्ना आणि कटनी येथे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून वैद्यकीय महाविद्यालये काढण्यासाठी करार केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धार व बैतूलचे भूमिपूजनही झाले. शासनाने जमीन व जिल्हा रुग्णालय उपलब्ध करून द्यावे आणि खासगी संस्थेने भांडवल घालून महाविद्यालय उभारावे व चालवावे, अशी ही योजना आहे. तिचे समर्थन 'सुधारणा' म्हणून केले जाते.

वैद्यकीय शिक्षणातील सुधारणांमागे धनिकांचा पैसा उभा राहण्याची ही पहिली वेळ नाही. आपल्याकडे या नात्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही ठळक उदाहरणे तपासून धारच्या योजनेमागील कल्पनेची चिकित्सा केली आहे. दात्याचा हेतू शुद्ध होता की नाही हे ठरवणे कठीण असते आणि त्यातून फारसे निष्पन्नही होत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. दात्याने कोणती अट घातली? त्या अटीने कोण बांधले गेले? आणि दिलेल्या वस्तूवर पुढे मालकी कोणाची राहिली?

१. मुंबईचे दाते आणि त्यांच्या अटी

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १८२६ मध्ये झाला. त्या शाळेत देशी भाषांतून शिक्षण दिले जाई. १८३२ मध्ये ती बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याला जोडून असलेल्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये दिले आणि ईस्ट इंडिया कंपनीने तेवढीच भर घातली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. आत्माराम पांडुरंग हे या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी होत. येथे एक बाब नोंदवली पाहिजे. दात्याने रुग्णालय दिले, परंतु अभ्यासक्रम, माध्यम व अध्यापकांच्या नेमणुका सरकारच्याच हाती राहिल्या. शिक्षण इंग्रजीतून झाले आणि प्राध्यापकांच्या खुर्च्या दीर्घकाळ सरकारी वैद्यकीय सेवेतील युरोपीय अधिकाऱ्यांकडे राहिल्या. गरीब रुग्णाची सोय व्हावी एवढाच दात्याचा आग्रह होता. कोणी शिकवावे हा प्रश्न त्याने उपस्थित केला नाही.

तो प्रश्न ऐंशी वर्षांनी दुसऱ्या एका देणगीने उपस्थित केला. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महानगरपालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी निधी देताना अट घातली की, येथील प्राध्यापक सरकारी नोकरीत नसलेले पात्र भारतीयच असावेत. त्यातून परळ येथे १९२५ मध्ये गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि १९२६ मध्ये किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता १९२५ पासून १९४२ पर्यंत त्याचे अधिष्ठाता होते. धनिकाच्या अटीमुळे शिक्षणात खरी सुधारणा घडल्याचे हे आपल्याकडील ठळक उदाहरण मानता येईल. भारतीय डॉक्टरला अध्यापनाची व संशोधनाची जी संधी सरकारी महाविद्यालयात सहसा मिळत नव्हती, ती येथे मिळाली.

या अटीचे स्वरूप पाहिले तर ती संस्थेवर बंधन घालणारी होती, परंतु तिच्यातून दात्याच्या कुटुंबाला उत्पन्न मिळत नव्हते. रुग्णालय महानगरपालिकेचे होते. खर्चाचा मोठा भार नागरिकांच्या करातून उचलला जात होता आणि त्यामुळे संस्थेला लोकप्रतिनिधींसमोर हिशेब द्यावा लागत होता. असहकाराच्या चळवळीतून १९२१ मध्ये निघालेल्या नॅशनल मेडिकल कॉलेजचा प्रवासही याच दिशेने झाला. डॉ. नायर यांचे धर्मादाय रुग्णालय त्याला मिळाले आणि पुढे टोपीवाला देसाई यांची देणगी मिळून त्याला आजचे नाव लाभले. अखेर ही संस्थाही महानगरपालिकेकडे आली. देणगी खासगी, पण शेवटी संपत्ती सार्वजनिक, हा या पिढीतील देणग्यांचा सर्वसाधारण नियम दिसतो.

२. फ्लेक्सनरचा धडा

सुधारणेचे नाव घेऊन आलेल्या पैशाचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. कार्नेगी प्रतिष्ठानच्या वतीने अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी केली आणि १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. नफ्यासाठी चाललेल्या, प्रयोगशाळा व रुग्णालय नसलेल्या अनेक शाळांचे वास्तव त्यात उघड झाले. पुढे रॉकफेलर यांच्या जनरल एज्युकेशन बोर्डाने निवडक विद्यापीठांना मोठ्या रकमा दिल्या. जॉन्स हॉपकिन्सला १९१३ मध्ये मिळालेल्या १५ लाख डॉलरसोबत अट होती की, प्राध्यापकांनी खासगी व्यवसाय न करता पूर्णवेळ अध्यापन व संशोधन करावे. विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या नामवंत अध्यापकाने याला विरोध केला. रुग्णाच्या जगापासून तुटलेले, केवळ संशोधनात रमणारे अध्यापक तयार होतील, अशी त्यांची भीती होती.

या सुधारणेने वैद्यकाचा शास्त्रीय पाया भक्कम केला हे नाकारता येत नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली? कृष्णवर्णीयांना शिकवणाऱ्या सात शाळांपैकी हॉवर्ड व मेहॅरी या दोनच टिकवण्याजोग्या असल्याचे अहवालाने म्हटले. बाकीच्या पाच पुढील काळात बंद पडल्या. ज्या समाजात डॉक्टर सर्वांत कमी होते, त्याच समाजाचे दरवाजे दर्जाच्या नावाखाली अरुंद झाले. दर्जा वाढवण्याची अट योग्य असली तरी त्या दर्जापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा पैसा कोणाला द्यायचा हे दातेच ठरवत होते. ज्यांना पैसा मिळाला नाही त्यांच्यासाठी तीच अट मरणाची ठरली. आदिवासी, दलित व मुस्लिम समाजात काम करणाऱ्या शिक्षकांना हा धडा परका वाटू नये.

याच देशात २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी न्यूयॉर्कच्या आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला १०० कोटी डॉलर दिले, विद्यार्थ्यांचे शुल्क त्यातून माफ झाले आणि महाविद्यालयाचे नाव बदलू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे दात्याचा प्रभाव नेहमी एकाच प्रकारचा असतो असे नाही. तो विद्यार्थ्याच्या बाजूने झुकतो की विरुद्ध, हे अटीच्या शब्दांवर ठरते.

३. 'डोनेशन' या शब्दाचा प्रवास

मराठीत 'देणगी' व 'डोनेशन' हे शब्द आज समानार्थी राहिलेले नाहीत. देणगी देणारा दाता असतो. 'डोनेशन' मात्र विद्यार्थ्याचे पालक देतात, तेही प्रवेश मिळावा म्हणून. हा अर्थबदल केवळ भाषेचा नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत संस्था उभ्या राहिल्या आणि ग्रामीण मुलांना व्यावसायिक शिक्षणाची जवळची वाट मिळाली, हे खरे आहे. परंतु याच काळात भांडवल उभारण्याचा भार संस्थाचालकाकडून पालकाकडे सरकला. महाराष्ट्राला १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्कबंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्नाची व्याप्ती कळते.

पुढील न्यायालयीन प्रवास सर्वपरिचित आहे. मोहिनी जैन (१९९२), उन्नीकृष्णन (१९९३), टी. एम. ए. पै (२००२) आणि पी. ए. इनामदार (२००५) या निकालांतून खासगी व अल्पसंख्याक संस्थांची स्वायत्तता आणि शासनाचे नियंत्रण यांच्या सीमा आखल्या गेल्या. पुण्यातील मुस्लिम शैक्षणिक चळवळीशी जोडलेल्या इनामदार खटल्यात न्यायालयाने ठरवले की, विनाअनुदानित संस्थांवर शासन आपले आरक्षण वा जागांचा वाटा लादू शकत नाही, मात्र नफेखोरी व कॅपिटेशन शुल्कालाही मुभा नाही. त्यानंतर झालेल्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांत आरक्षणाची तरतूद करण्याचा अधिकार शासनाला दिला आणि अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले.

अल्पसंख्याक संस्थांसाठी हा मोठा विजय होता. तथापि, मिळालेल्या स्वातंत्र्याचा उपयोग समाजातील गरीब मुलामुलींसाठी किती झाला, हा प्रश्न या संस्थांनी स्वतःला विचारला पाहिजे. विणकराच्या, हमालाच्या, फळविक्रेत्याच्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयाचे शुल्क परवडत नसेल, तर संस्थेच्या फलकावरील समाजाचे नाव तिच्या काय कामाचे? शासनाच्या धोरणाची चिकित्सा करताना स्वतःच्या घरातील हिशेबही तपासावा लागतो.

जागेची किंमत किती वाढली याचा सर्वांत विदारक पुरावा मध्यप्रदेशानेच दिला. २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या व्यापम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्दच ठरवले. त्या घोटाळ्यातील दोष परीक्षायंत्रणेचा होता. परंतु ज्या जागेसाठी एवढी लाच दिली जाते, ती जागा बाजारात विकाऊ वस्तू झालेली असते हेही त्यातून स्पष्ट झाले.

४. धारच्या योजनेमागील कल्पना

निती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्यासाठी नमुना मसुदा प्रसिद्ध केला. देशात डॉक्टरांची कमतरता आहे आणि केंद्र व राज्य शासनांच्या मर्यादित साधनांतून ती भरून काढणे शक्य नाही, हे त्यामागील प्रतिपादन होते. खासगी भागीदाराने जिल्हा रुग्णालयाचा विकास व संचालन करावे, कराराची मुदत ६० वर्षे असावी, रुग्णालय किमान ७५० खाटांचे असावे, त्यांपैकी सुमारे निम्म्या 'बाजार खाटा' व उरलेल्या 'नियंत्रित खाटा' असाव्यात, अशी त्यात रचना होती. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात सवलतीने जमीन व रुग्णालय देणाऱ्या राज्यांना तूट भरून काढण्यासाठी निधी देण्याचे सूतोवाच झाले. राज्ये आपापल्या करारांत अटी बदलतात. परंतु मूळ कल्पना याच मसुद्यात सापडते. तिचे आधीचे रूप गुजरातमध्ये दिसते. भूज येथील जी. के. सामान्य रुग्णालय २००१ च्या भूकंपानंतर पंतप्रधान मदत निधीतून पुन्हा बांधले गेले आणि २००९ मध्ये अदानी समूहाच्या सहभागाने तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

मसुद्यातील 'बाजार खाटा' हा शब्द चिकित्सेसाठी पुरेसा बोलका आहे. सार्वजनिक रुग्णालयात आजवर रुग्णांची विभागणी आजारानुसार होत असे. येथे ती ऐपतीनुसार होते. एकाच छताखाली एका रुग्णाकडून बाजारभावाने पैसे घेतले जाणार आणि दुसऱ्याला नियंत्रित दराने अथवा मोफत उपचार मिळणार असतील, तर अनुभवी डॉक्टरचा वेळ, शस्त्रक्रियागृहाची पाळी व अतिदक्षता विभागातील जागा कोणाच्या वाट्याला आधी जाईल याची काळजी वाटणे रास्त आहे. कराराने मोफत खाटांची संख्या ठरवता येते. त्या खाटेपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी कागदपत्रे, ओळख आणि भाषा यांचा विचार करारात क्वचितच होतो. भिली बोलणाऱ्या बाईला मोफत उपचारास पात्र असल्याचा दाखला काढायला तहसील कचेरीत दोन खेपा घालाव्या लागल्या, तर तिची मजुरी बुडते.

त्याहून मूलभूत प्रश्न दात्याचा आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते. इमारत बांधता येते, यंत्रे विकत आणता येतात. परंतु रुग्णांनी भरलेले, वर्षानुवर्षे चाललेले रुग्णालय पैशाने एका वर्षात उभे राहत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचे खरे भांडवल रुग्ण हेच आहे. विद्यार्थी नाडी पाहायला, प्रसूती करायला, जखम शिवायला ज्यांच्या अंगावर शिकतो ते लोक मनावर, कुक्षी, गंधवानीच्या गावांतून येतात. जमीन शासनाची, रुग्णालय शासनाचे आणि रुग्ण आदिवासी शेतमजूर, असा हिशेब मांडला तर या योजनेत सर्वांत मोठी देणगी देणारा घटक कोणता, हे सांगायला अर्थशास्त्राची गरज उरत नाही. परळच्या देणगीत धनिकाने दिले आणि महानगरपालिकेने घेतले. येथे शासन देते आणि खासगी भागीदार घेतो. देवघेवीची दिशाच उलटली आहे. मात्र उपकाराची भाषा जुनीच वापरली जाते.

याला एक गंभीर उत्तर दिले जाते. शासनाकडे पैसा नाही. महाविद्यालय नसण्यापेक्षा भागीदारीतून झालेले बरे. डॉक्टर, परिचारिका व तज्ज्ञ जिल्ह्यात येतील, इंदूरच्या खेपा वाचतील, हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. घाट चढून रात्री बाळंतिणीला नेणाऱ्या कुटुंबाला रुग्णालयाचा मालक कोण याने फरक पडत नाही. परंतु शेजारच्या रतलाम व खंडवा येथे २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. म्हणजे शासनाला ते अशक्य होते असे म्हणता येत नाही. रतलामला जे मिळाले ते धारला का मिळू नये, या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा अधिकार येथील नागरिकांना आहे. मध्यप्रदेशात ऑक्टोबर २०२२ पासून हिंदीतून वैद्यकीय शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. ग्रामीण मुलांना शिक्षण सुलभ व्हावे हा त्याचा घोषित हेतू आहे. ज्या मुलासाठी पुस्तक हिंदीत केले, त्याला शुल्कामुळे दरवाजातच थांबावे लागले, तर दोन्ही सुधारणा एकमेकींना छेद देतील.

५. वक्फची कसोटी

अशा व्यवहाराकडे पाहण्याची एक दृष्टी इस्लामी धर्मादाय परंपरेत उपलब्ध आहे. दमास्कसचे नूरुद्दीन यांचे रुग्णालय (११५४) आणि कैरोचे सुलतान कलावून यांचे रुग्णालय (१२८४) ही वक्फच्या उत्पन्नावर चालत. तेथे उपचारांबरोबर वैद्यकाचे अध्यापनही होई. हकीम अजमल खाँ यांचे दिल्लीचे तिब्बिया महाविद्यालय १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते सुरू झाले. त्यासाठी संस्थानिकांच्या देणग्यांबरोबरच हिंदुस्थानी दवाखान्याचे उत्पन्नही कामी आले. १९४८ मध्ये हकीम अब्दुल हमीद यांनी हमदर्दचा व्यवसायच वक्फ केला. त्याच परंपरेतून पुढे जामिया हमदर्द हे विद्यापीठ उभे राहिले.

वक्फमध्ये देणाऱ्याच्या अटीला फार मोठा मान आहे. परंतु त्या अटीलाही मर्यादा आहेत. मालमत्ता वक्फ होताच दात्याची मालकी संपते. मुतवल्ली हा व्यवस्थापक असतो, मालक नसतो. त्याला ठरलेला मोबदला घेता येतो, उत्पन्नावर हक्क सांगता येत नाही. मूळ उद्देशाला बाधा आणणारी अट पाळली जात नाही. प्रत्यक्षात अनेक वक्फ मालमत्तांची दुरवस्था झाली, काही ठिकाणी मुतवल्लीच मालक होऊन बसले, हे समाजाला चांगले ठाऊक आहे. तत्त्व चांगले असूनही देखरेख ढिली पडली की काय होते याचा तो धडा आहे, आणि तो भागीदारीच्या करारालाही लागू पडतो.

या कसोटीवर ६० वर्षांची सवलत तपासली तर भागीदाराचे स्थान मुतवल्लीचे आहे की मालकाचे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. मुदतीनंतर मालमत्ता शासनाकडे परत येईल असे म्हटले तरी ६० वर्षांत रुग्णांच्या दोन पिढ्या सरून जातात. सेवाग्रामचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था एका विश्वस्त संस्थेकडून चालते आणि तिला केंद्र व राज्य शासनाचे अनुदान मिळते. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. म्हणजे शासनाबाहेरच्या संस्थेने महाविद्यालय चालवण्यात मूळ दोष नाही. तिच्या अटी गावाच्या बाजूने आहेत की नाहीत, हे पाहावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की धनिकांच्या पैशाने वैद्यकीय शिक्षणात जेव्हा चांगला बदल घडवला, तेव्हा देणगीनंतर मालकी सार्वजनिक झाली, अटीतून दात्याला उत्पन्न मिळाले नाही आणि हिशेब लोकांसमोर राहिला. जेथे यांपैकी काही सुटले, तेथे सुधारणेची किंमत दुर्बल समाजाने मोजली. धारच्या बाबतीत म्हणूनच काही मागण्या आग्रहाने मांडणे आवश्यक आहे. करार संपूर्ण स्वरूपात, हिंदीत, प्रत्येक तहसील ठिकाणी वाचायला उपलब्ध असावा. मोफत उपचारासाठी दाखल्याची अट रुग्णावर न टाकता रुग्णालयावर टाकावी. शासकीय दराच्या जागांत जिल्ह्यातील आदिवासी व गरीब विद्यार्थ्यांना निश्चित वाटा मिळावा. मनावरसारख्या तहसील रुग्णालयात अध्यापकांच्या व आंतरवासितांच्या नियमित नेमणुका व्हाव्यात. देखरेख समितीत ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत.

समाजाच्या महाविद्यालयांतील शिक्षकांची जबाबदारी येथे दुहेरी आहे. विज्ञान शाखेतील मुलांना प्रवेश परीक्षेची तयारी करून देताना, ते ज्या महाविद्यालयात जाणार आहेत ते कोणाच्या देणगीवर उभे आहे हेही त्यांना सांगितले पाहिजे. धारच्या रुग्णालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला दाता मनावरच्या घाटावरून आलेला रुग्ण असेल. त्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर कोरले जाणार नाही. निदान विद्यार्थ्याच्या मनात तरी ते राहावे.